घड्याळाला बांधलेला वाद्यवृंद : सिडनी टॉर्चचा धंदा समजून घेताना

'लाइट ऑर्केस्ट्रा' या दोन शब्दांपैकी एकही आपल्याकडे सरळ अर्थाने पोचत नाही. ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवातला कार्यक्रम आठवतो. जुनी फिल्मी गाणी, निवेदकाचे ठरलेले विनोद आणि दहा वाजले की आयोजकांची चुळबुळ. 'लाइट म्युझिक' हे तर आकाशवाणीच्या कागदोपत्री सुगम संगीताचंच इंग्रजी नाव, म्हणजे भावगीत, भक्तिगीत, गझल. इंग्लंडमध्ये मात्र लाइट म्युझिकमध्ये बहुतेक वेळा शब्दच नसतात. तीन-चार मिनिटांचा, फक्त वाद्यांचा, गुणगुणता येईल अशा सुरावटीचा तुकडा म्हणजे लाइट म्युझिक. सिम्फनीसारखं त्यासाठी हातातलं काम सोडून बसावं लागत नाही, आणि डान्स बँडसारखं ते पायांनाही ओढत नाही. जुन्या ब्रिटिश बातमीपटात कुणी पाहुणा आगगाडीतून उतरतो, टोप्या हलतात आणि मागे व्हायोलिनं भरभर धावत असतात. तेच हे संगीत.

ते वाजवणारा ताफा म्हणजे लाइट ऑर्केस्ट्रा. मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्राची ही आखूड आवृत्ती. तंतुवाद्यं भरपूर, बासरी-क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्यं एकेक-दोनदोन, थोडी पितळी वाद्यं, एक हार्प, आणि तालवाद्यांवर दोन-तीन हरहुन्नरी माणसं. १९३० ते १९७० या काळात ब्रिटिश रेडिओवर असे वाद्यवृंद सकाळपासून रात्रीपर्यंत वाजत असत. त्यांच्यापुढे छडी घेऊन उभं राहणं, म्हणजे कंडक्टर होणं, ही पगाराची, कष्टाची नोकरी होती. मैफलीतल्या कंडक्टरला कीर्ती मिळते. रेडिओवरच्या कंडक्टरला मिळायचं ते समोर भिंतीवर टांगलेलं घड्याळ.

हा धंदा नीट समजून घ्यायचा तर एक माणूस धरावा. मी सिडनी टॉर्च धरतो, कारण त्याच्या आयुष्यात या धंद्याचा जन्म, भर आणि ओहोटी तिन्ही सापडतात.

टॉर्च १९०८ साली लंडनमध्ये जन्मला. घरचं आडनाव टॉर्चिन्स्की. पूर्व युरोपातून आलेलं ज्यू कुटुंब, आणि वडील वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवणारे. पोरगा पियानो शिकला आणि सिनेमा थिएटरातल्या वाद्यवृंदात लागला. मूकपटांचा जमाना होता. पडद्यावर घोडे धावले की पडद्यासमोरच्या खड्ड्यात बसलेल्यांनीही धावायचं. मग १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, आणि थिएटर मालकांनी वादकांना घरी पाठवायला सुरुवात केली. हजारो माणसं एकदम रिकामी झाली.

टॉर्चने उडी मारली ती थिएटर ऑर्गनवर. हे वाद्य चर्चमध्ये वाजणाऱ्या गंभीर ऑर्गनचं चुलत भावंड, पण पक्कं उनाड. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पाइपांबरोबर खरे ढोल, झायलोफोन आणि घंटा त्याला जोडलेल्या असत, आणि त्या सगळ्यांच्या कळा एकाच माणसाच्या बोटांखाली. मध्यंतरात हा ऑर्गन वाजवणाऱ्यासकट जमिनीतून लिफ्टने वर यायचा. वीस वादकांचा पगार वाचला आणि जत्राही राहिली, म्हणून मालक खूश. मार्बल आर्चच्या रीगल थिएटरात टॉर्चचं नाव झालं. डिसेंबर १९३७ मध्ये किलबर्नला गोमाँ स्टेट हे सुमारे ४,००० खुर्च्यांचं अवाढव्य थिएटर उघडलं, तेव्हा तिथल्या वुर्लिट्झर ऑर्गनवर टॉर्चच होता. त्याचं वाजवणं चटपटीत आणि जाझच्या अंगाचं. सूर लांबवत बसण्याची त्याला आवड नव्हती.

माझा अंदाज असा की ऑर्केस्ट्राची रंगसंगती तो या ऑर्गनवरच शिकला. कुठली कळ दाबली की बासरीचा भास होतो, त्यावर झायलोफोनची टिकटिक चढवली की सूर कसा उठून दिसतो, हे रोज हजारो लोकांसमोर तपासून बघायला मिळणारा अरेंजर, म्हणजे कुठली ओळ कुठल्या वाद्याला द्यायची ते ठरवणारा माणूस, दुसरा कुठे असणार?

पुढे युद्ध. १९४० साली तो रॉयल एअर फोर्समध्ये गेला आणि तिथल्या कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राचा संचालक झाला. हुद्दा स्क्वॉड्रन लीडरपर्यंत पोचला. वायुदलाच्या वर्दीत त्या वेळी लंडनचे चांगले वादक भरपूर होते, म्हणजे त्याच्या हाताखाली आयता उत्तम ताफा आला. युद्ध संपलं तेव्हा त्याने ऑर्गन जवळपास सोडून दिला आणि छडी धरली. ही दुसरी उडी. सिनेमा ऑर्गनचे दिवस भरत आले होते, आणि बीबीसीने २९ जुलै १९४५ रोजी 'लाइट प्रोग्रॅम' नावाची करमणुकीची वाहिनी सुरू केली होती. तिला संगीत हवं होतं, तेही रोज, तासन्‌तास.

इथे वाचकाला एक साधा प्रश्न पडायला हवा. तबकड्या होत्या की! दुकानात विकतही मिळत होत्या. मग चाळीस माणसांना स्टुडिओत बोलावून, चहा पाजून, पगार देऊन वाजवून घ्यायची गरज काय?

उत्तर कायद्यात आहे, आणि ते सुरू होतं ब्रिस्टलच्या एका चहाच्या दुकानातून. दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी ग्रामोफोनवर एक तबकडी लावली. ग्रामोफोन कंपनीने दावा ठोकला : आमची तबकडी चारचौघांत वाजवलीत, परवानगी कुठे आहे? तोवर समज असा की संगीतकाराचा हक्क भागवला की झालं. तबकडी काढणाऱ्याचा वेगळा हक्क कसला? न्यायालयाने १९३३ साली कंपनीच्या बाजूने कौल दिला. लगेच १९३४ मध्ये तबकडी कंपन्यांनी एकत्र येऊन हा हक्क वसूल करणारी संस्था काढली. वादकांची युनियनही जागीच होती. बोलपटांनी काय केलं ते तिने पाहिलं होतं. तबकडी वाजली की वादक उपाशी, हे तिचं सरळ गणित.

या दोघांच्या दबावातून 'नीडल टाइम' नावाची गोष्ट जन्मली. नीडल म्हणजे ग्रामोफोनची सुई. बाजारात विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर बीबीसीने आठवड्याला किती तास सुई टेकवायची, याची शिधापत्रिकाच म्हणा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्या राष्ट्रीय वाहिन्यांना मिळून हा शिधा आठवड्याला सुमारे २८ तासांचा होता. तीन वाहिन्या, प्रत्येकीचे दिवसाचे कितीतरी तास, आणि तबकडीची ही एवढीशी वाटी! उरलेली पोकळी जिवंत माणसांनी भरायची. लाइट ऑर्केस्ट्रांचं अख्खं पीक या एका बांधावर उगवलं. लोकांच्या आवडीचा त्यात वाटा होता, पण बांध मोडला तेव्हा आवड किती पुरली ते पुढे येईलच.

आपल्याकडचा एक प्रसंग इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे अभिमानी, आणि फिल्मी गाण्यांवर त्यांचा राग. आकाशवाणीने गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं बंद केलं, कारण ती जाहिरात होते. निर्मात्यांनी चिडून गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. तबकड्या बाजारात, पण रेडिओवर नाहीत. कारण वेगळं, पोकळी तीच. दिल्लीत त्याच सुमारास 'वाद्यवृंद' उभा राहिला, पंडित रविशंकर त्याचे संचालक. सरकारला वाटलं, लोक आता हे ऐकतील. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, विविध भारती काढून आकाशवाणीला फिल्मी गाण्यांशी तह करावा लागला. इंग्लंडमध्ये रेडिओ सिलोनचं काम समुद्रातल्या बोटींनी केलं, पण त्याला अजून अवकाश आहे.

आता नोकरीतला खरा घाम कुठे गळायचा ते पाहू. समजा अर्ध्या तासाचा थेट कार्यक्रम आहे. सुरुवातीची आणि शेवटची ओळखधून अर्धा-अर्धा मिनिट. निवेदकाचं बोलणं सगळं मिळून तीन मिनिटं. राहिली सव्वीस. त्यात सरासरी सव्वातीन मिनिटांचे आठ तुकडे बरोबर बसतात, एक सेकंद शिल्लक न राहता. तुकडे मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत बसवले आहेत असं धरा. त्या दिवशी कंडक्टर जरा आळसावला आणि हात ११६ ठोक्यांवर गेला. ऐकणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. पण सव्वीस मिनिटांचं काम आता सव्वीस मिनिटं चोपन्न सेकंद घेणार. म्हणजे निवेदकाचा निरोप आणि ओळखधून बातम्यांच्या पोटात घुसणार, आणि बातम्या कुणासाठी थांबत नाहीत.

याला तोडगे होते. प्रत्येक तुकड्याची वेळ तालमीत स्टॉपवॉचने मोजून स्वरलेखनाच्या कागदावर पेन्सिलने लिहायची. कुठला भाग गरज पडली तर गाळायचा, कुठली ओळ पुन्हा घ्यायची, याच्या खुणा आधीच ठरवायच्या, आणि प्रत्यक्ष वाजवताना बोटांनी इशारा द्यायचा. तबकडीवरची समारोपाची धून असेल तर तंत्रज्ञ एक सुंदर युक्ती करायचे. धून तीन मिनिटांची असेल तर वेळ संपायला बरोबर तीन मिनिटं असताना आवाज पूर्ण बंद ठेवून ती सुरू करून द्यायची. कार्यक्रम कुठेही संपो, त्या क्षणी आवाज वर आणायचा. धून मध्येच कुठूनतरी ऐकू येते, पण तिचा शेवटचा ठोका अचूक वेळेवर पडतो. श्रोत्याला वाटतं, काय छान जमलं!

गाण्यांच्या लांबीमागेही असंच एक यंत्र होतं. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचं संगीत मावायचं. त्यामुळे या संगीताचे रचनाकार तीन मिनिटांत विचार करायला शिकले : ओळख, मुख्य सुरावट, मधे एक वेगळं वळण, पुन्हा मुख्य सुरावट, आणि टोपी उडवून शेवट. टॉर्चने स्वतः रचलेले तुकडे या मापात इतके चपखल बसतात की शिंप्याची आठवण व्हावी. 'शूटिंग स्टार', 'ऑन अ स्प्रिंग नोट' असे तुकडे ऐकून बघा. सुरू होतात तेच मुळी धावत.

दुसरी अडचण घरातल्या रेडिओची. मीडियम वेव्हवर एकेक स्टेशनला फ्रिक्वेन्सीची पट्टी अरुंद मिळते. शेजाऱ्याचा आवाज मिसळू नये म्हणून रेडिओ संच साडेचार-पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं बहुतेक सगळं कापून टाकतो. पियानोची सगळ्यात उजवीकडची पट्टी सुमारे ४,१८६ हर्ट्‌झवर वाजते, म्हणजे मूळ स्वर कसाबसा सुटला, पण स्वराला चमक देणारे वरचे उपस्वर दाराबाहेरच राहिले. खालच्या बाजूला छोट्या स्पीकरची मर्यादा. डबल बासचा सगळ्यात खालचा स्वर ४१ हर्ट्‌झचा. ओट्याशेजारच्या फळीवरच्या संचातून तो येणं शक्यच नाही.

मग अरेंजर काय करतो? खालची ओळ नुसत्या डबल बासवर न सोडता तिच्यावर एक सप्तक वर बसून नावाचं फुंकवाद्य किंवा चेलो चढवतो. उपस्वर ऐकू आले की कान मूळ खर्ज आपल्या मनाने भरून काढतो. ही मेंदूची खोडी आहे आणि अरेंजर तिचा पुरेपूर फायदा घेतात. मुख्य सुरावट व्हायोलिनांना मधल्या-वरच्या पट्टीत, कारण रेडिओतून तीच सगळ्यात स्वच्छ जाते. तारा बोटाने छेडून टपटप आवाज काढायचा, कारण छेडलेल्या तारेचा ठोका खरखरीतूनही वर येतो. ढोल कमी, धातूच्या पट्ट्यांचं किणकिणणारं ग्लॉकनस्पील जास्त.

हे खरं आहे का, ते मी घरी करून पाहिलं. टॉर्चच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला एक तुकडा आधी चांगल्या हेडफोनवर ऐकला, मग मोबाइल ताटात उपडा ठेवून स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ऐकला. आश्चर्य म्हणजे फारसं काही हरवलं नाही. सुरावट, छेडलेल्या तारा, बासरीची गिरकी, सगळं जागच्या जागी. मग त्याच ताटात एका जर्मन सिम्फनीची मंद चाल लावली. ती कुकरने गिळली. लाइट म्युझिक उथळ आहे असं म्हणणाऱ्यांना मी आता हा ताटाचा प्रयोग सांगतो. ज्या खोलीत ते ऐकलं जाणार त्या खोलीसाठी ते बेतलेलं होतं.

मायक्रोफोनचंही गणित होतं. त्या काळी बीबीसीच्या स्टुडिओत रिबन मायक्रोफोन असत. हा मायक्रोफोन समोरून ऐकतो, मागूनही ऐकतो, आणि दोन्ही बाजूंना ठार बहिरा. एक मायक्रोफोन, एकच वाहिनी, नंतर दुरुस्तीची सोय नाही. म्हणून आवाजांचा तोल आधी खुर्च्या मांडूनच साधायचा. व्हायोलिनं समोर जवळ, ट्रम्पेट लांब किंवा बाजूच्या बहिऱ्या कोपऱ्याकडे. क्लॅरिनेटचा एकट्याचा तुकडा आला की वादकाने अंग पुढे झुकवायचं. काचेपलीकडे बसलेला माणूस आवाजाचे खटके फिरवतोय आणि अलीकडे कंडक्टर हाताने तेच करतोय. दोघांचं जमलं नाही तर एक जण आवाज वाढवतो तेव्हा दुसरा कमी करतो, आणि कार्यक्रमाची खिचडी होते.

युद्धकाळात तर तोलाला आणखी एक मालक मिळाला, तो म्हणजे कारखाना. २३ जून १९४० पासून बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' सुरू केलं. यंत्रांवर काम करणाऱ्यांसाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास अखंड वादन. आवाज मध्येच हळू होऊन चालणार नाही, कारण यंत्रांच्या धडधडीत हळू म्हणजे नाहीच. खूप संथही नको, डुलकी लागेल. टाळ्यांची जागा असलेलं एक लोकप्रिय अमेरिकन गाणं या कार्यक्रमातून वगळलं गेलं, कारण कामगार टाळीच्या ठिकाणी हातातलं हत्यार यंत्रावर बडवतील ही भीती! संगीताच्या इतिहासात सेन्सॉरची कारणं अनेक आहेत, पण पान्यासाठी गाणं अडल्याचं उदाहरण हे एवढंच मला माहीत आहे.

ओळखधून हा शब्द वर आला, त्याबद्दल थोडं. रेडिओचा काटा फिरवून स्टेशन धरावं लागायचं तेव्हा कार्यक्रमाआधी काहीतरी सतत वाजत राहणं ही सोय होती. लोकांनी तोवर काटा जागेवर आणावा. आकाशवाणीची पहाटेची धून आपल्या पिढ्यांच्या अंगात मुरली आहे. तिची रचना वॉल्टर काउफमन यांची मानली जाते. नाझींच्या सावलीतून निघून हा ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईला आला, आणि १९३७ ते १९४६ या काळात मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. म्हणजे टॉर्च लंडनमध्ये जे करणार होता, त्याच जातीचं काम मुंबईत आधीच चालू होतं.

मुंबईत हे काम रेटणारे हात बरेचसे गोव्याचे. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत पोरं स्वरलेखन वाचायला अक्षरांबरोबरच शिकायची. कागद समोर ठेवला की पहिल्या दमात वाजवायचा, ही त्यांची कमाई. हॉटेलांतले बँड आणि फिल्मी स्टुडिओ या माणसांवर चालले. लंडनच्या रेडिओ वादकाकडूनही नेमकी हीच अपेक्षा असे. तालमीला वेळ थोडा, कागद नवा, आणि दिवा लागला की चूक देशभर जाणार.

टॉर्चची आणखी एक बाजू रेडिओ ऐकणाऱ्यांना कधी कळलीच नाही. चॅपेल या स्वरलिपी-प्रकाशकाने १९४० च्या दशकात 'मूड म्युझिक'चं भांडार उभं केलं. दुकानात न विकल्या जाणाऱ्या या तबकड्या फक्त रेडिओ, बातमीपट आणि चित्रपटवाल्यांसाठी. गर्दीचं दृश्य आहे? हे घ्या. समुद्रकिनारा? हा घ्या. यादीत प्रत्येक तुकड्यापुढे त्याची मिनिटं-सेकंद. या तबकड्यांवर नाव असायचं क्वीन्स हॉल लाइट ऑर्केस्ट्रा, आणि छडी आधी चार्ल्स विल्यम्स, मग टॉर्च यांच्या हातात. गंमत अशी की मूळचा क्वीन्स हॉल १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळून गेला होता. सभागृह नाही, त्याच्या नावाचा वाद्यवृंद मात्र जोरात.

वादकांच्या युनियनला या भांडाराचाही संशय आलाच. एकदा पैसे देऊन वाजवून घेणार आणि वर्षानुवर्षं फुकट वापरणार, हे कसं? युनियनने अशा ध्वनिमुद्रणावर बंदी घातली, आणि प्रकाशक आपले कागद घेऊन युरोपातल्या वादकांकडे गेले. इंग्लंडचं इतकं इंग्रजी वाटणारं संगीत बरीच वर्षं परक्या शहरांतल्या, परकी भाषा बोलणाऱ्या माणसांनी वाजवलेलं आहे. युनियनचं म्हणणं चूक नव्हतं, पण काम तर गेलंच.

टॉर्चचं नाव घराघरांत पोचलं ते २५ सप्टेंबर १९५३ पासून. त्या शुक्रवारी लाइट प्रोग्रॅमवर 'फ्रायडे नाइट इज म्युझिक नाइट' सुरू झालं. वाद्यवृंद बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा, तो आदल्याच वर्षी उभा राहिला होता. ओळखधून चार्ल्स विल्यम्सची 'हाय अ‍ॅडव्हेंचर'. कल्पना सोपी : आठवडा संपला, पगार झाला, आता घरात बसून बरं काहीतरी ऐकायचं. ऑपेरेटातलं एक गाणं, एक मार्च, एखादा वॉल्ट्झ, संगीतिकेतलं द्वंद्वगीत, आणि मधेमधे टॉर्चचे धावते तुकडे. समोर खरे प्रेक्षक, त्यांच्या खऱ्या टाळ्या. टाळ्या किती वेळ चालतील हे कुणाच्याच हातात नसतं, म्हणजे घड्याळाशी कुस्ती दुप्पट.

शिस्तीच्या बाबतीत तो कडक होता, आणि त्याचा सगळ्यांना धाक असे. मला त्याचं नवल वाटत नाही. थिएटरातून वादकांना काढलेलं त्याने तरुणपणी पाहिलं, वायुदलात हुद्दा भोगला, आणि त्याच्या पेशात ढिलाईची किंमत चोपन्न सेकंद होती.

त्याच्या रचनांपैकी मुंबईकराला हमखास आवडेल अशी एक आहे : 'लंडन ट्रान्सपोर्ट स्वीट'. स्वीट म्हणजे एका सूत्रात ओवलेले तुकडे. इथे तीन भाग. पहिला घोड्याच्या बग्गीवर, दुसरा रोझी नावाच्या लाल बसवर, आणि तिसऱ्याचं नाव 'पाच बावन्नची वॉटर्लूहून'. ज्याने आयुष्यात एकदा तरी आठ बाराची डोंबिवली लोकल गाठली आहे त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. गाडीला नाव नाही, गाव नाही, ओळख फक्त मिनिटाची. मिनिटं मोजून जगणाऱ्या संगीतकाराला मिनिटानेच ओळखली जाणारी गाडी सुचावी हे अगदी साहजिक.

ओहोटी आली ती पाण्यातूनच. १९६४ च्या ईस्टरला रेडिओ कॅरोलाइन नावाचं स्टेशन इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या बोटीतून बोलू लागलं. तीन मैलांच्या हद्दीपलीकडे ब्रिटिश कायदा नाही, म्हणून नीडल टाइम नाही. दिवसभर तबकड्याच तबकड्या. जी गाणी बीबीसीवर एखाद्या वाद्यवृंदाने आपल्या पद्धतीने नीटनेटकी करून वाजवलेली ऐकावी लागत, ती मूळ गायकाच्या आवाजात हवी तितकी ऐकायला मिळू लागली. तरुण श्रोता गेला तो गेलाच. ऑगस्ट १९६७ मध्ये कायदा करून बहुतेक बोटी गप्प केल्या गेल्या, पण ३० सप्टेंबरला बीबीसीला स्वतःच तशी वाहिनी काढावी लागली. लाइट प्रोग्रॅमचे दोन तुकडे झाले, रेडिओ वन आणि रेडिओ टू. तबकड्यांचा शिधाही टप्प्याटप्प्याने वाढत गेला. 'म्युझिक व्हाइल यू वर्क' त्याच वर्षी थांबलं.

टॉर्चचा शुक्रवार मात्र चालू राहिला. तो निवृत्त झाला १९७२ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी. कार्यक्रम दुसऱ्यांच्या हातात गेला आणि पुढेही दशकानुदशकं चालला. टॉर्च दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबर्नला राहायला गेला. १९८५ मध्ये त्याला एमबीई किताब मिळाला, १९९० मध्ये तो तिथेच वारला.

मधे १९८० साली खर्च कमी करायचा म्हणून बीबीसीने आपले पाच वाद्यवृंद बंद करायचं ठरवलं. वादक संपावर गेले, त्या उन्हाळ्यात प्रॉम्स या बीबीसीच्या संगीत महोत्सवाचे सुरुवातीचे कार्यक्रम बुडाले. तडजोड झाली; काही वाद्यवृंद वाचले, काही गेले, आणि गेलेल्यांत हलकं संगीत वाजवणारेच जास्त. बोलपट आले तेव्हा टॉर्चने ऑर्गन गाठला होता, ऑर्गन उतरणीला लागला तेव्हा रेडिओ. या वेळी तो बहात्तर वर्षांचा होता, पेन्शनीत, समुद्रकाठी. तिसरी उडी त्याला मारावी लागली नाही.